बांधावरच्या 'रानआंब्या'वर केशर धरेना

केळीवाला_यावल:
राम राम मंडळी. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं केळीचं वावर आहे. बांधावरच्या जुन्या झाडाला आजोबा रानआंबा म्हणायचे. बुंधा माझ्या कवेत मावत नाही. म्हटलं, झाड आयतं आहे, त्यावर केशर आंबा बसवू. मागच्या पावसाळ्यात कलमवाल्याकडून सहा पाचर कलमं (चीर पाडून त्यात केशरची काडी खोचायची ती) करून घेतली. सहाही वाळली. तो म्हणे काड्या शिळ्या होत्या. अहो, त्याच दिवशी सकाळी तोडलेल्या!
आणखी एक, पौषात झाड पार खराटा होतं. पहिल्या वर्षी मेलं समजून कुऱ्हाड घेऊन गेलो होतो. फळ लिंबाएवढं, लोणच्यात कैरीसारखंच लागतं, पण कोय चावली की दातात नुसते धागे.

पानगळ:
खराटा होतं, तिथंच उत्तर आहे. आंबा असा उघडाबोडका होत नाही. एका देठावर किती पानं आहेत ते बघून सांगा.

केळीवाला_यावल:
आत्ताच बघून आलो. एका दांडीला पाच जोड्या, शेंड्याला एक, म्हणजे अकरा. चुरगळलं तर कैरीचा वास.

पानगळ:
मग तो आंबाडा, शास्त्रीय नाव स्पॉन्डियास पिनाटा. ती अकरा पानं नव्हेत, एकाच संयुक्त पानाच्या अकरा पर्णिका. आंब्याचं पान साधं, एकेकटं. एक पर्णिका उन्हाकडे धरा: आडव्या शिरा कडेलगतच्या एका बारीक शिरेला जाऊन मिळतात, कापडाला किनार शिवावी तशा. अशाच संयुक्त पानांचं मोईचं झाड असतं, पण तिला ही किनार नसते आणि तिची फळं वाटाण्याएवढी, म्हणून घोळ नको. कोय आडवी कापलीत तर आत कप्पे दिसतील. आंब्याच्या कोयीत एकच घर.
आजोबा चुकले असं मात्र म्हणू नका. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसच्या मुलानंही याला आधी मँगिफेरा पिनाटा, म्हणजे आंब्याच्याच वंशातलं ठरवलं होतं. कुर्झ या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७५ मध्ये स्पॉन्डियासमध्ये हलवलं. कुळ एकच, काजू-बिब्ब्याचं, पण वंश वेगळा. कलमाला जवळचं नातं लागतं. मोसंबी रंगपूर लिंबावर धरते, कारण दोन्ही लिंबूवर्गातलीच. इथं काडी ताजी असो की शिळी, वाळणारच.

धडगावची_ताई:
कैरीसारखं लागलं तरी आमच्याकडे आमचूर गावठी आंब्याचा करतात, आंबाड्याचा नाही. आंबाडा चटणीला घ्या, कोवळा असताना, कोय टणक व्हायच्या आत. आणि अंबाडीची भाजी वेगळी हं, दरवेळी कोणीतरी घोळ घालतं.

वाघूरकाठ:
आंबा नई, आंबाडा शे तो! तोडू नका भाऊ. जाड फांदी रोवली तरी फुटते, कुंपणाला बरी.

केळीवाला_यावल:
तोडत नाही. आईला लोणच्याला हवाच आहे. केशरचं कलम बांधायला रोपं हवीत, म्हणून जूनमध्ये गावठी आंब्याच्या कोया ताज्या ताज्या पेरतो. कलमवाल्याकडे मात्र सहा कलमांचे पैसे परत मागणार. पान बघून त्याला कळायला हवं होतं की नाही?