उन्हाळ्यात लहान शेतावरच्या कामांचा क्रम कसा लावावा?

प्रश्न:
आमचे शेत लहान आहे. भाजीपाल्याचे वाफे, थोडी फळझाडे, दोन गाई, एक म्हैस आणि काही कोंबड्या एवढा पसारा आम्ही दोघेच सांभाळतो. दूध काढणे, पाणी देणे, भाजीची काढणी आणि खुरपणी ही सगळी कामे उन्हाळ्यात पहाटेच उरकावीत असे वाटते. परंतु ती सकाळच्या गारव्यात मावत नाहीत. यांपैकी कोणते काम उशिरा केले तरी नुकसान होत नाही, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर:
खुरपणी शेवटी ठेवा. ओल्या जमिनीतून उपटलेले तण तिथेच पडून राहिले, तर त्यातले बरेचसे पुन्हा मूळ धरते. उलट वरची माती सुकल्यावर आणि ऊन चढू लागल्यावर खुरपले, तर उघडी पडलेली मुळे काही तासांत वाळून जातात. त्यासाठी पाणी आदल्या दिवशी द्यावे, म्हणजे जमीन वाफशावर येते, म्हणजेच ना चिखल ना कोरडी अशी होते, आणि खुरपे सहज चालते.

पालेभाजीची काढणी मात्र उजाडताच व्हायला हवी, कारण रात्रभरात पानांत भरलेले पाणी ऊन लागताच उडू लागते आणि उशिरा काढलेली जुडी लवकर मान टाकते. दुधाची वेळ ठरलेलीच असते, तिच्याभोवती बाकीची कामे बसवावीत.

दुसरे उत्तर:
जनावरांच्या वैरणीची वेळ बदला, असे मी आग्रहाने सांगेन. खाल्लेला चारा पोटात आंबताना उष्णता निर्माण होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी सर्वाधिक असते. म्हणून सकाळी उशिरा भरपेट वैरण घातली, तर आतली आणि बाहेरची उष्णता नेमकी भर दुपारी एकत्र येते. मोठा वाटा संध्याकाळी उशिरा आणि थोडा पहाटे द्यावा. दुधाळ गाय कडक उन्हाळ्यात दिवसाला १०० लिटरपेक्षाही अधिक पाणी पिऊ शकते, तेव्हा सावलीतली टाकी कधीही रिकामी राहू देऊ नका. म्हशीची कातडी काळी आणि घर्मग्रंथी कमी, त्यामुळे तिच्या अंगावर दुपारी पाणी मारणे आवश्यकच आहे.

कोंबड्यांना घाम येत नाही, त्या धापा टाकून अंग थंड करतात. या धापांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि अंड्याचे कवच पातळ होते. कवचे अचानक पातळ होऊ लागली, तर खाद्याआधी खुराड्यातील सावली आणि वारा तपासा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. विहिरीचे पाणी कमी असताना फळझाडांना रोज थोडे थोडे पाणी द्यावे काय?

पहिले उत्तर:
मोठ्या झाडांना तसे देऊ नये. रोजच्या वरवरच्या पाण्याने मुळे वरच्याच थरात राहतात आणि तोच थर सर्वांत आधी तापतो. काही दिवसांच्या अंतराने, खोलवर मुरेल असे पाणी संध्याकाळी द्यावे आणि आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन करावे. ते बुंध्याला चिकटू देऊ नये, अन्यथा साल कुजते. यंदा लावलेल्या रोपांची मुळे अजून उथळ असतात, त्यांना मात्र कमी अंतराने पाणी लागेल.