मदत हवी आहे: महागड्या सीट पोस्टवर पैसे घालावेत का?

रविवारची_फेरी (इंदूर), गुरुवार, रात्री १०.१०

नमस्कार. गेले दीड वर्ष मी दर रविवारी इंदूरहून खंडवा रोडने सिमरोलपर्यंत आणि जमल्यास पुढे भेरूघाटापर्यंत सायकलने जाऊन परत येतो. अलीकडे तीस किलोमीटरनंतर कंबर भरून येते, आणि जिथे डांबर उखडले आहे तिथे प्रत्येक हादरा सरळ पाठीच्या कण्यात पोहोचतो. एका दुकानदाराने सांगितले की मूळचा अ‍ॅल्युमिनियमचा सीट पोस्ट (फ्रेमच्या नळीत बसणारा, सीट पेलणारा दांडा) काढून कार्बन फायबरचा बसवला की हा त्रास संपेल. दुकानात त्याने साडेनऊ हजार सांगितले. ऑनलाइन तसाच पोस्ट सहा हजार आठशेला मिळतो आहे आणि ती सवलत रविवारी रात्री संपते. माझ्या सायकलच्या पोस्टचे माप (व्यास) ३१.८ मिलिमीटर आहे, त्याच्या सर्वांत जवळचे ३१.६ चे माप शिल्लक दिसते. पुढच्या महिन्यात ओंकारेश्वरला सायकलने जायचे ठरले आहे. घ्यावा की न घ्यावा, एवढेच कृपया लवकर सांगा.

मोजपट्टी (इंदूर), गुरुवार, रात्री १०.४२

एवढ्या माहितीवर उत्तर देणे योग्य होणार नाही. सायकल रोड आहे, हायब्रिड आहे की माउंटन? टायरची रुंदी किती, हवा किती भरता, आपले वजन किती, आणि सीट पोस्टचा किती भाग फ्रेमच्या बाहेर दिसतो? याहून महत्त्वाचे म्हणजे ३१.८ हा आकडा आपण नेमका कुठे वाचला? तो जर सीटच्या पट्ट्यावर, म्हणजे फ्रेमला बाहेरून आवळणाऱ्या क्लॅम्पवर कोरलेला असेल, तर ते सीट पोस्टचे माप नव्हे.

हलका_भार (बडोदा), गुरुवार, रात्री ११.०५

मी तीन वर्षांपासून कार्बनचा सीट पोस्ट वापरतो आणि बडोद्याहून पावागढपर्यंत जाऊन येणे माझ्यासाठी आता नेहमीचे झाले आहे. खडबडीत रस्त्यावर सीटखालून सतत येणारी बारीक थरथर त्याने खूप कमी झाली, शिवाय जुन्या पोस्टपेक्षा सुमारे शंभर ग्रॅम वजन वाचले. शरीराला आराम देणाऱ्या वस्तूवर केलेला खर्च वाया जात नाही, असे माझे ठाम मत आहे. सवलत संपण्यापूर्वी घेऊन टाका.

लष्कर_ग्वाल्हेर (ग्वाल्हेर), शुक्रवार, सकाळी ६.५०

हलका_भार, माप माहीत नसताना 'घेऊन टाका' हा सल्ला धोक्याचा आहे. सीट पोस्टची मापे ०.२ मिलिमीटरच्या फरकाने बदलतात. २७.२, ३०.९ आणि ३१.६ ही नेहमी आढळणारी, आणि आपल्याकडच्या साध्या सायकलींत २५.४ सुद्धा असते. 'जवळचे माप' म्हणून ०.२ मिलिमीटर बारीक पोस्ट घातला तर तो चालता चालता खाली सरकतो, मग माणूस क्लॅम्प अधिकाधिक आवळत जातो, आणि कार्बन असेल तर तिथेच चिरतो. बारीक पोस्ट जाड नळीत बसवायचाच असेल तर त्यासाठी नेमक्या मापाची शिम, म्हणजे मधली बाही, मिळते. अंदाजाने पत्रा गुंडाळून बसवू नये.

रविवारची_फेरी, शुक्रवार, सकाळी ८.१५

हे तपशील निर्णयासाठी लागतील असे मला वाटले नव्हते. सायकल अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची हायब्रिड आहे, टायर ७०० बाय ३२, म्हणजे रुंदी ३२ मिलिमीटर. हवा दुकानातच भरून घेतो. टायरवर कमाल ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) छापले आहे, तेवढीच भरतात. वजन ६८ किलो. ३१.८ हे क्लॅम्पवरच वाचले होते. पण मुख्य प्रश्न राहतोच: कार्बनचा घ्यावा का?

मोजपट्टी, शुक्रवार, सकाळी ९.३०

आता बोलता येईल. आज घरी गेल्यावर सध्याच्या पोस्टवर सीट जिथे आहे तिथे टेपची खूण करा, मग तो पूर्ण बाहेर काढा आणि खालच्या टोकाकडे, किमान आत राहण्याच्या रेषेजवळ (पोस्ट निदान तिथपर्यंत फ्रेमच्या आत राहिलाच पाहिजे), कोणता आकडा कोरला आहे तो पाहा. ३१.८ चा क्लॅम्प असलेल्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेममध्ये बहुतेक वेळा २७.२ चा पोस्ट असतो. तसे असेल तर आपण मागवणार होता तो ३१.६ चा पोस्ट फ्रेममध्ये शिरणारसुद्धा नाही.

सीट पोस्टने आराम कसा मिळतो हेही लक्षात घ्या, म्हणजे कोणत्या गोष्टीचे पैसे मोजायचे ते कळेल. पोस्ट जमिनीशी साधारण ७३ अंशांत उभा असतो, त्यामुळे आपल्या वजनाचा मोठा भाग दांड्याच्या लांबीच्या दिशेनेच दाबतो आणि जेमतेम तीस टक्के भाग त्याला मागे वाकवतो. दांडा दाबल्याने आखूड होत नाही. जो काही आराम मिळतो तो या वाकण्यातून मिळतो. हे वाकणे बाहेर असलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: १५ सेंटिमीटरऐवजी २० सेंटिमीटर बाहेर असेल तर तोच दांडा सुमारे २.४ पट अधिक वाकतो. उलट, भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २७.२ वरून ३१.६ केला तर ताठरपणा दीडपटीहून अधिक होतो. म्हणून बारीक आणि बराच बाहेर आलेला पोस्ट खरोखर मऊ वाटतो, तर जाड आणि जेमतेम बाहेर आलेला पोस्ट कार्बनचा असो की अ‍ॅल्युमिनियमचा, बसणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. हलका_भार यांना फरक जाणवला असेल हे मी नाकारत नाही. त्यांची फ्रेम वरची नळी मागे उतरती असलेल्या, म्हणजे पोस्ट बराच बाहेर राहील अशा धाटणीची आहे का?

हलका_भार, शुक्रवार, सकाळी १०.२०

हो, तशीच आहे, आणि माझा पोस्ट बावीस सेंटिमीटर बाहेर आहे. त्यामुळे आपले गणित मला मान्य आहे, पण केवळ गणितावर सगळे सोडू नये. सगळे कार्बन पोस्ट सारखे नसतात. काही पोस्ट मुद्दाम दोन पातळ पानांत विभागून पाट्यांच्या स्प्रिंगप्रमाणे वाकतील असे बनवतात, आणि त्यांच्यात साध्या गोल नळीच्या कार्बन पोस्टपेक्षा कितीतरी अधिक हालचाल असते.

लष्कर_ग्वाल्हेर, शुक्रवार, दुपारी १.४०

तशा पोस्टची किंमत साडेनऊ हजारांत बसणार नाही, आणि प्रश्नकर्त्याला दाखवलेला पोस्ट त्या प्रकारचा आहे असे कुठेही म्हटलेले नाही. हालचालच हवी असेल तर सस्पेन्शनचा, म्हणजे स्प्रिंग किंवा रबरावर दबणारा पोस्ट घ्यावा. त्यातही नळीत नळी सरकणारा स्वस्त प्रकार काही महिन्यांत खिळखिळा होतो. समांतरभुज पद्धतीचा, म्हणजे सीट मागे-खाली जाईल असा पोस्ट टिकतो: केन क्रीकचा थडबस्टर किंवा रेडशिफ्टचा शॉकस्टॉप. थडबस्टरच्या आखूड प्रकारात ५० मिलिमीटर आणि शॉकस्टॉपमध्ये ३५ मिलिमीटर हालचाल मिळते, आणि आपल्या वजनाप्रमाणे आतले रबर किंवा स्प्रिंग बदलता येते. मात्र बसल्यावर तो थोडा दबतो, म्हणून सीटची उंची नव्याने लावावी लागते, आणि यंत्रणेसाठी फ्रेमच्या वर पुरेशी मोकळी उंची लागते.

चामडी_सीट (इंदूर), शुक्रवार, दुपारी ३.००

पोस्टपेक्षा सीट बदला. मी ब्रूक्सची बी १७ ही चामड्याची सीट वापरतो. ताणून बसवलेले चामडे स्वतःच झोळीसारखे झोके घेते आणि काही शे किलोमीटरनंतर आपल्या हाडांच्या आकाराला येते. पावसाळ्यात तिच्यावर पिशवी चढवावी लागते, एवढीच काळजी.

घाटवाट (इंदूर), शुक्रवार, सायंकाळी ५.२५

भेरूघाट उतरताना सीट खाली घेता आली पाहिजे, त्यासाठी ड्रॉपर पोस्ट पाहावा. १९८०च्या दशकात डोंगरी सायकलींसाठी हाइट-राइट नावाची स्प्रिंग निघाली होती, तिने चालू सायकलवर सीट खाली-वर करता येत असे. आता हे काम हँडलवरच्या खटक्याने होते.

मोजपट्टी, शुक्रवार, सायंकाळी ६.१०

घाटवाट, डांबरी रस्त्यावरच्या या प्रवाशाला ड्रॉपरची गरज नाही. त्यात वजनही वाढते आणि कंबरदुखीला त्याचा काहीच उपयोग नाही. चामड्याच्या सीटबद्दलचे म्हणणे खरे आहे, पण ती मुरायला वेळ लागतो, आणि ओंकारेश्वरच्या लांब प्रवासाला जेमतेम महिना उरला असताना सीट बदलणे मला पटत नाही.

रविवारची_फेरी, माझे सर्वांत महत्त्वाचे म्हणणे हवेबद्दल आहे. टायरच्या बाजूला छापलेला ८५ हा आकडा कमाल मर्यादा आहे, भरण्याचा सल्ला नव्हे. ६८ किलो वजन आणि ३२ मिलिमीटरचा टायर असताना मागे ५५ आणि पुढे ५० पीएसआयपासून सुरुवात करा. हादरा सर्वांत आधी टायर पचवतो, आणि तोच दगडासारखा टणक केला तर पुढे सीट पोस्टच्या हाती फारसे काही उरत नाही. पॅरिस-रुबे या शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर व्यावसायिक स्पर्धकसुद्धा आता ३० मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर कमी दाबाने वापरतात. ही गोष्ट करायला आपल्याला एक रुपयाही खर्च नाही, म्हणून ती आधी करून पाहा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरे सीटच्या उंचीचे. भिंतीला पाठ टेकून, दोन पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर ओढून धरून जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. येईल तेवढे अंतर पेडलचे दोन्ही दांडे ज्या मधल्या आसावर फिरतात त्याच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावे. हा ठोकताळा आहे, पण सुरुवातीला पुरेसा आहे.

रविवारची_फेरी, शुक्रवार, रात्री ९.५०

पोस्ट काढला. त्यावर २७.२ कोरले आहे. मी चुकीचे माप मागवणार होतो. आपण विचारले नसते तर पार्सल आल्यावरच कळले असते. बाहेर दिसणारा भाग फक्त बारा सेंटिमीटर आहे. पायाचे माप ८१ सेंटिमीटर, म्हणजे हिशेबाने ७१.५ हवे; सध्या सीट ६९ वर आहे. दुकानातून आणली तेव्हापासून ती तशीच आहे.

मोजपट्टी, शुक्रवार, रात्री १०.२०

अडीच सेंटिमीटर कमी असणे पुष्कळ झाले. सीट इतकी खाली असली की पाय नीट ताठ होत नाहीत, शरीराचा अधिक भार सीटवर येतो आणि प्रत्येक हादरा कंबर झेलते. एकदम सगळी वाढवू नका. या रविवारी एक सेंटिमीटर, पुढच्या आठवड्यात आणखी, आणि नितंब डावी-उजवीकडे झुलू लागले तर थोडे खाली या. किमान आत राहण्याची रेषा बाहेर दिसू देऊ नका. कंबरेतून पायात कळ जात असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र सायकल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

लष्कर_ग्वाल्हेर, शनिवार, सकाळी ७.००

पोस्ट बाहेर काढलाच आहे तर पुसून, नळीच्या आत ग्रीसचा पातळ थर लावून मगच परत घाला. माझ्या स्टीलच्या जुन्या सायकलमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट दोन पावसाळे तसाच राहिला आणि असा धरला की शेवटी आतून करवतीने कापून काढावा लागला, त्यात फ्रेमची नळीही खराब झाली. दोन वेगळे धातू, त्यात ओल, की गंज त्यांना एकजीव करतो. पुढे कधी कार्बन घेतलात तर ग्रीस नको. त्यासाठी बारीक खरखरीत कणांची वेगळी पेस्ट येते, आणि बोल्ट टॉर्कच्या पान्याने (किती जोराने आवळतो ते दाखवणारा पाना) त्यावर छापलेल्या मर्यादेतच आवळायचा, साधारण पाच न्यूटन मीटर.

हलका_भार, शनिवार, सकाळी ११.३०

बारा सेंटिमीटर बाहेर असेल तर साध्या कार्बन पोस्टने फारसे साधणार नाही, हे मी मान्य करतो. पण सीट वर गेल्यावर ते साडेचौदा होईल आणि माप २७.२ आहे, हेही विसरू नये. थरथर कमी करण्यापुरता त्याचा उपयोग राहील, या मतावर मी कायम आहे.

रविवारची_फेरी, रविवार, सायंकाळी ६.४०

आज मागे ५५, पुढे ५० पीएसआय आणि सीट एक सेंटिमीटर वर, असे करून बावन्न किलोमीटर झाले. सिमरोलच्या अलीकडच्या खराब पट्ट्यात तळहातांना जी थरथर जाणवत असे ती जवळजवळ गेली. खड्ड्यांचे धक्के बसतात, पण कण्यात शिरत नाहीत. कंबर भरून आली, मात्र तिसाव्याऐवजी पंचेचाळिसाव्या किलोमीटरनंतर. सवलत आज रात्री संपते आहे आणि मी पोस्ट घेत नाही. त्या पैशांत रुंद टायर घ्यावेत असा विचार आहे. माझ्या फ्रेममध्ये ३८ चे बसतील का?

मोजपट्टी, रविवार, सायंकाळी ७.१५

३२ च्या जागी ३८ चा टायर म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे तीन-तीन मिलिमीटर आणि वरच्या अंगाला साधारण सहा मिलिमीटर अधिक जागा जाणार. सध्या मागच्या टायरच्या डावीकडे, उजवीकडे आणि टायरच्या वर फ्रेमच्या मागच्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या छोट्या आडव्या दांडीखाली किती मोकळी जागा आहे ते मोजून लिहा. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती टायरला चिकटून चाक अडवते, म्हणून नुसता टायर घासत नाही एवढ्याने भागत नाही.

रविवारची_फेरी, रविवार, रात्री ८.०५

डावीकडे ७, उजवीकडे ६, दांडीखाली ९ मिलिमीटर.

मोजपट्टी, रविवार, रात्री ८.२०

तर ३८ नको, उजवीकडे आणि वर तीनच मिलिमीटर उरतील. ३५ चे घ्या, मागे ५० पीएसआयपासून सुरुवात करा, आणि ओंकारेश्वरच्या आधी दोन रविवार त्यावर चालवून पाहा.