मॉनिटरिंगला मराठीत काय म्हणावं? (नागिऑसची पुस्तिका लिहिताना)

टर्मिनल:
आमच्या महाविद्यालयाच्या संगणक विभागासाठी एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. डेबियनच्या (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर नागिऑस हे लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर टाकायचं आणि प्रयोगशाळेतली बाकीची मशीन, स्विच, प्रिंटर यांच्यावर लक्ष ठेवायचं, एवढाच विषय. वाचणारे प्रयोगशाळा सहायक आहेत. टर्मिनलची त्यांना भीती नाही, लांबलचक इंग्रजीचा कंटाळा आहे. मी मथळ्यावरच अडले. 'नेटवर्क मॉनिटरिंग'साठी देखरेख, निगराणी, पाळत, टेहळणी असे शब्द लिहिले आणि एकेक करून खोडले. 'इन्स्टॉल'ला अधिष्ठापन म्हणू का? आणि वॉर्निंग व क्रिटिकल या दोन पातळ्यांचं काय करू?

काना-मात्रा:
शासकीय कागदांत मॉनिटरिंगसाठी 'संनियंत्रण' रुळलेला आहे. तयार शब्द असताना नवा कशाला शोधायचा? 'पाळत' मात्र मुळीच नको. पाळत संशयितावर ठेवतात, तीही त्याच्या नकळत. तुमच्या प्रिंटरने असा काय गुन्हा केलाय? 'टेहळणी'त शत्रू गृहीत धरलेला असतो, म्हणून टेहळणी बुरूज. 'निगराणी' चुकीचा नाही, पण हल्ली तो हिंदी बातम्यांतून आल्यासारखा वाटतो.

रात्रपाळी:
संनियंत्रणाला माझा विरोध आहे, कारण त्यात नियंत्रण आहे आणि नागिऑस स्वतःहून कशाचंच नियंत्रण करत नाही. तो ठरल्या वेळी एकेक प्लगइन (तपासणी करणारा छोटा प्रोग्राम) चालवतो आणि प्लगइन कोणता आकडा देऊन बंद झालं ते बघतो. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे वॉर्निंग, २ म्हणजे क्रिटिकल, ३ म्हणजे काही कळत नाही. मग ज्याला सांगायचं त्याला सांगतो. इव्हेंट हँडलर लिहून बंद पडलेली सेवा आपोआप सुरू करता येते, पण ते आपण वरून जोडलेलं काम. आपल्या शाळेतला मॉनिटर आठवा: बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, शिक्षा काय करायची ते बाई बघतील. मॉनिटर शब्दाचं लॅटिन मूळही 'सावध करणे' याच अर्थाचं आहे, हुकूम चालवणे असं नाही.

माझं मत: मथळ्यात 'देखरेख', मजकुरात 'लक्ष ठेवणे'. फक्त 'देखभाल' आणि 'देखरेख' यांची गल्लत होऊ देऊ नका. पंख्यातली धूळ काढणं ही देखभाल.

काना-मात्रा:
'देखरेखीखाली' म्हटलं की वर कोणीतरी अधिकारी आलाच. म्हणजे नियंत्रण मागच्या दाराने आत आलं की नाही? पण चालेल. तुमचा मॉनिटर मला पटला.

टर्मिनल:
देखरेख पक्कं. आता इन्स्टॉल?

रात्रपाळी:
अधिष्ठापन ही कुलगुरूंच्या हस्ते व्हायची गोष्ट वाटते. बोलताना आपण 'टाकतो' (उबुंटू टाकलं), 'मारतो' (फॉरमॅट मारला, पिंग मारलं) आणि क्वचित 'बसवतो'. छापायला 'बसवणे' उत्तम. मीटर बसवतात, नळ बसवतात, गणपती बसवतात. वस्तू जागेवर नीट लावून चालू करणं असा त्यात पूर्ण भाव आहे. 'टाकणे'त तो नाही, आणि नागिऑस नुसता टाकून भागतही नाही. डेबियनमध्ये नागिऑस४ हे पॅकेज एका आज्ञेत उतरतं, पण त्यानंतर ब्राउझरसाठी पासवर्ड ठेवायचा, कोणती मशीन बघायची त्यांच्या व्याख्या लिहायच्या आणि पुन्हा सुरू करण्याआधी आज्ञेला 'उणे व्ही' (-v) लावून सगळी मांडणी तपासून घ्यायची. एक कंस राहिला तरी तो सुरू व्हायला नकार देतो.

काना-मात्रा:
'बसवणे'त एक गंमत आहे. धंदा बसला, आवाज बसला, सर्व्हर बसला. 'सॉफ्टवेअर बसवलं आणि सर्व्हर बसला' हे वाक्य पुस्तिकेत येऊ देऊ नका. सर्व्हरसाठी 'बंद पडला' ठेवा.

कृष्णाकाठ:
मी सांगलीचा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे दर पावसाळ्यात पेपरात छापून येतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९, धोका ४३. वॉर्निंग म्हणजे इशारा, क्रिटिकल म्हणजे धोका. लोकांना अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इशारा आला की सामान माळ्यावर जातं, धोका आला की माणसं बाहेर पडतात. 'थ्रेशोल्ड'ला उंबरठा, सीमारेषा असलं काही शोधू नका. पातळी!

रात्रपाळी:
वा. हे अगदी चपखल बसतं, कारण नागिऑसच्या प्लगइनला हेच दोन आकडे द्यावे लागतात. सोबत येणाऱ्या नमुन्यात मुख्य डिस्कची मोकळी जागा २० टक्क्यांखाली गेली की वॉर्निंग आणि १० टक्क्यांखाली गेली की क्रिटिकल असं लिहिलेलं असतं. पिंगसाठी (मशीन उत्तर देतं का आणि किती वेळात, याची चाचणी) १०० मिलिसेकंद किंवा २० टक्के गळती, म्हणजे वाटेत हरवलेले निरोप, ही इशारा पातळी, ५०० मिलिसेकंद किंवा ६० टक्के गळती ही धोका पातळी. एकच सांभाळा: नदी वर चढते आणि डिस्कची मोकळी जागा खाली उतरते. तिथे 'पातळी ओलांडली' लिहिलं तर वाचणारा उलट समजेल. 'पातळीखाली गेली' असं लिहा.

झॅबिक्सवाली:
नागिऑसपुरतं ठीक आहे. आमच्या झॅबिक्समध्ये (देखरेखीचंच दुसरं सॉफ्टवेअर) गंभीरतेच्या सहा पायऱ्या आहेत, त्यातल्या एकीचं नाव 'अ‍ॅव्हरेज'. कोणीतरी त्याचं 'सरासरी' केलेलं मी वाचलंय. सरासरी धोका म्हणजे काय, वर्षभराचा काढायचा का? तिथे 'मध्यम' हवं. आणि शेवटची पायरी 'डिझास्टर', ती सरळ 'आपत्ती'. आपत्ती व्यवस्थापन सगळ्यांना माहीत आहे.

झॅबिक्सच्या शब्दांनी मला आणखी एका ठिकाणी छळलंय. 'पॅसिव्ह' तपासणीत सर्व्हर एजंटला (लक्ष ठेवायच्या मशीनवर बसवलेला छोटा प्रोग्राम) १००५० पोर्टवर विचारतो, 'अ‍ॅक्टिव्ह' तपासणीत एजंट आपणहून सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर माहिती आणून देतो. म्हणजे ही नावं एजंटच्या बाजूने ठेवलेली आहेत, आणि सर्व्हरच्या खुर्चीत बसलेल्याला ती उलटी वाटतात. 'निष्क्रिय-सक्रिय' असं भाषांतर केलं की पहिली तपासणी बंद आहे असंच वाटतं. मी 'विचारल्यावर' आणि 'आपणहून' लिहिते.

टर्मिनल:
अलर्ट, अ‍ॅक्नॉलेजमेंट, फ्लॅपिंग, सॉफ्ट-हार्ड स्टेट हे शब्दही अडले आहेत. सौम्य स्थिती आणि कठोर स्थिती मला स्वतःलाच वाचवेना.

कृष्णाकाठ:
अलर्टला 'वर्दी'. अग्निशमन दलाला वर्दी देतात, पोलिसांना वर्दी जाते. इशारा ही स्थिती, वर्दी म्हणजे त्याची कोणाला तरी दिलेली खबर. एसएनएमपीच्या (नेटवर्कवरच्या उपकरणांची माहिती देण्या-घेण्याची ठरलेली पद्धत) 'ट्रॅप'लाही हाच शब्द चालावा. स्विच आपणहून १६२ पोर्टवर निरोप पाठवतो, त्यात सापळा कुठे आहे? कोणी अडकतच नाही.

काना-मात्रा:
'वर्दी' ऐकून तरुण मंडळींना पोलिसाचा खाकी गणवेश आठवेल, हिंदी सिनेमाची कृपा. तरी ठेवा, 'वर्दी दिली' असं क्रियापदासकट लिहिलं की गोंधळ होत नाही. अ‍ॅक्नॉलेजमेंटला 'पोच'. वर्दीची पोच दिली म्हणजे मला कळलं, मी बघतोय. दुरुस्त झालं असा अर्थ त्यात नाही आणि नागिऑसमध्येही नसतो.

रात्रपाळी:
सॉफ्ट-हार्डला कच्ची आणि पक्की, जसं कच्चं लायसन्स, पक्कं लायसन्स. तीन प्रयत्न ठरवले असतील तर पहिल्या दोन अपयशांपर्यंत स्थिती कच्ची, तिसऱ्याला पक्की, आणि वर्दी पक्की झाल्यावरच जाते. नवख्याला हे माहीत नसतं. तो केबल उपटतो, लगेच मेल आला नाही म्हणून सगळं पुन्हा बसवत बसतो. हा परिच्छेद पुस्तिकेत जाड ठशात हवा. फ्लॅपिंग म्हणजे आपली 'ये-जा'. लाइटची ये-जा चालू आहे म्हणतो ना, तीच. नागिऑस शेवटच्या २१ तपासण्यांत स्थिती किती वेळा बदलली ते बघून हे ठरवतो आणि ये-जा थांबेपर्यंत वर्द्या रोखून धरतो.

झॅबिक्सवाली:
विषयांतर, पण नावांचीच चर्चा आहे म्हणून. नागिऑसचं १९९९मधलं नाव नेटसेंट होतं. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे २००२मध्ये ते बदललं, तरी संत गेला नाही, कारण ग्रीकमध्ये 'आगिऑस' म्हणजे संतच.

टर्मिनल:
एक परिच्छेद लिहून पाहिला (एनआरपीई म्हणजे दूरच्या मशीनवर नागिऑससाठी प्लगइन चालवणारा प्रोग्राम): 'ज्या मशीनवर लक्ष ठेवायचे त्यावर एनआरपीई बसवा आणि फायरवॉलमध्ये ५६६६ पोर्ट उघडा. डिस्कची मोकळी जागा इशारा पातळीखाली गेली की नागिऑस पुन्हा तपासतो. स्थिती पक्की झाली की वर्दी देतो. वर्दीची पोच दिली की पुन्हा पुन्हा वर्दी येणे थांबते.'

काना-मात्रा:
छान. 'बसवा' आणि 'उघडा' एकाच वाक्यात असल्याने दोन्ही कामं त्याच मशीनवर करायची हे कळतं. तसंच आहे ना?

रात्रपाळी:
हो, त्याच मशीनवर. फक्त पॅकेजच्या नावात 'सर्व्हर' आहे, त्यामुळे सहायक ते नेमकं नागिऑसच्या सर्व्हरवर बसवतील आणि प्लगइन दुसरीकडे. नाव जसंच्या तसं द्या आणि शेजारी लिहा: 'नावात सर्व्हर असले तरी हे दूरच्या मशीनसाठी आहे.' शिवाय एनआरपीईच्या मांडणीत कोणाला उत्तर द्यायचं याची यादी असते, तिच्यात नागिऑसच्या सर्व्हरचा आयपी घालायला सांगा. तो नसेल तर पोर्ट उघडा असूनही एनआरपीई उत्तर देणार नाही. त्या यादीला मराठी नाव शोधू नका, फाइलमध्ये जे दिसतं तेच छापा.