पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक: तुमचे अनुभव लिहा

जुन्या फायली चाळताना आमच्या पहिल्या गिऱ्हाइकाची एक्सेल शीट सापडली आणि सगळं डोळ्यांपुढे आलं. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवत होतो. विकत घेतलं तरी रिसेप्शनवरच्या ताई वही सोडेनात. म्हणून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. काही नावांपुढे त्या लाल पेनने चांदणी काढत. विचारलं, तर म्हणाल्या, "हे वेळ घेतात आणि येत नाहीत. यांच्या वेळेला अजून एक नाव लिहून ठेवते." ती चांदणी आम्ही सॉफ्टवेअरमध्ये आणली, तशा पेशंटना आदल्या संध्याकाळी आपोआप मेसेज जाऊ लागला. वही बंद! पुढचे कितीतरी दवाखाने त्या ताईंच्या शब्दावर आले. तुमचं पहिलं गिऱ्हाईक कसं मिळालं?

कोराकागद: वही!! अगदी अगदी. इन्स्टाग्रामचंही असंच. आधी ते बर्बन नावाचं चेक-इनचं (आपण कुठे आहोत ते मित्रांना कळवायचं) ॲप होतं, पण लोक रमले फोटोंत. बाकीचं बहुतेक काढून टाकलं आणि २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं. नवीन घालण्यापेक्षा काढून टाकायला जास्त हिंमत लागते. आम्ही अर्धी फीचर्स काढली तेव्हा टीममध्ये अबोला होता.

उंबरठा: बाळ झोपलंय तोवर लिहिते. गिऱ्हाईक मिळालं हो, पैसे? बिल निघणार ९० दिवसांनी, पगार एक तारखेला. कागदावर नफा, खात्यात खडखडाट. आता निम्मे आगाऊ घेतल्याशिवाय काम सुरूच करत नाही. उठलं, नंतर येते.

पाणकणीस: @उंबरठा, यातून गेलेय, जीव नुसता टांगणीला लागतो. भागीदारीबद्दलही लिहा कोणीतरी. आमच्यातला एक जण वर्षाच्या आत सोडून गेला. शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि पहिलं वर्ष भरल्याशिवाय काहीच नाही, असं आधीच लिहून घेतलं होतं म्हणून कंपनी तरली. मैत्री गेली, त्याचं अजून वाईट वाटतं.

दिवेलागण: अवांतर, ती जुनी शीट उघडली कशी? माझ्या फायलीत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

कोराकागद: @दिवेलागण, फॉन्ट युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखीच दिसावीत म्हणून ठरवलेल्या पद्धतीच्या) आधीचा असणार. कन्व्हर्टर मिळतात, त्यात टाकून बघा.

दिवेलागण: जमलं! धन्यवाद. @उंबरठा, आगाऊ मागता कसे? माझी तर जीभच रेटत नाही.

उंबरठा: आले. तोंडी मागतच नाही. कोटेशनच्या पहिल्याच ओळीत "काम सुरू करताना ५० टक्के" असं छापलेलं असतं. होकार आला की त्याच दिवशी प्रोफॉर्मा बिल (कामाआधीचं कच्चं बिल) पाठवते. मोठ्या कंपनीत त्यांच्या अकाउंट्सच्या माणसाशी आधी बोलून घ्या, बिलं महिन्यातून कधी काढतात ते त्यालाच ठाऊक असतं.