मदत हवी आहे: आघाताच्या आठवणींवरच्या ईएमडीआर थेरपीत नेमकं काय होतं? पुढच्या आठवड्यात डोळ्यांचं सेशन आहे

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी माझे बाबा घरातच, माझ्या डोळ्यांदेखत कोसळले. श्वास थांबला होता. कामाच्या ठिकाणी एकदा सीपीआरचं प्रशिक्षण झालं होतं, तेवढ्या बळावर मी छाती दाबायला सुरुवात केली. फोन स्पीकरवर, पलीकडून एक जण धीर देतोय आणि मी मोठमोठ्याने आकडे मोजतेय. एक ते तीस, मग पुन्हा एक ते तीस. मध्येच कधीतरी हाताखाली काहीतरी कट्‌कन मोडलं. मी थांबले नाही. अँब्युलन्स आली तेव्हा १९ मिनिटं झाली होती. बाबा गेले.

तेव्हापासून मला कुणी आकडे मोजलेले सहन होत नाहीत. ऐकायला विचित्र वाटेल, पण लपाछपीत एखादं पोर भिंतीला डोकं टेकून मोजायला लागलं की माझे तळवे ओले होतात आणि ते 'कट्‌कन' पुन्हा हातात येतं. आठवतं असं नाही म्हणणार मी, हातात येतं. व्यायामाचा क्लास त्यापायी सोडला. लिफ्टमध्ये मजल्यांचे आकडे बदलतात तिकडे बघत नाही. रात्री अडीचच्या सुमाराला जाग ठरलेली.

बरगडी मोडणं सीपीआरमध्ये नेहमीचं आहे, दाब पुरेसा होता असाच त्याचा अर्थ, आणि सगळं नीट करूनही बहुतेक वेळा माणूस परत येत नाही, हे मला दोन डॉक्टरांनी सांगितलंय. डोक्याला पटतं. हातांना पटत नाही.

आता एका थेरपिस्टकडे जातेय. तीन सेशन झाली. त्यांत माझी माहिती, झोप, घरचं वातावरण, आणि डोळे मिटून एक 'शांत जागा' मनात आणायचा सराव झाला. पुढच्या वेळी डोळ्यांचं सुरू करू म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या हलत्या बोटांमागे नजर न्यायची. त्या छान समजावून सांगतात, पण समोर बसलं की मला प्रश्नच सुचत नाहीत, घरी आल्यावर वीस सुचतात.

सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं का? रडू आवरलंच नाही तर? त्या बोटांच्या फेऱ्या मोठ्याने मोजतात का (हसू नका)? आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे ही आठवण पुसली जाईल का? बाबांना मी शेवटचा हात लावला तो तेव्हाच. कितीही भयंकर असला तरी तो माझा आहे.

कुणी हे केलं असेल तर प्लीज लिहा.

प्रतिसाद

मी केलंय, गाडीच्या अपघातानंतर. माझं कसं झालं ते सांगतो, तुमचं तसंच होईल असं नाही.

खुर्च्या अगदी समोरासमोर नव्हत्या, जरा तिरक्या होत्या, म्हणजे सरांचा हात माझ्यासमोर येईल पण गुडघ्याला गुडघा लागणार नाही. आधी विचारलं, त्या प्रसंगातलं सगळ्यात वाईट चित्र कुठलं? माझं होतं पुढच्या काचेला पडलेली जाळी. ते बघताना स्वतःबद्दल काय वाटतं? 'मी आता मरणार.' शरीरात कुठे जाणवतं? मानेत. ० ते १० मध्ये किती त्रास? ९. एवढंच. बाकीची गोष्ट त्यांनी विचारलीच नाही, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक 'नाही'.

मग दोन बोटं डावी-उजवीकडे, आणि मी डोकं न हलवता नुसत्या डोळ्यांनी मागे जायचं. एक फेरी साधारण अर्ध्या मिनिटाची. थांबले की 'दीर्घ श्वास घ्या, काय आलं?' पहिल्यांदा मी म्हणालो, काही नाही, नाक खाजतंय. मला वाटलं आता ओरडा बसणार. तर म्हणाले, 'ठीक, तिथूनच पुढे.' पुन्हा बोटं. चौथ्या-पाचव्या फेरीत काचेवरून मन घसरलं ते थेट शाळेच्या भिंतीवरून मी पडलो होतो तिथे! पंचवीस वर्षांत ते आठवलं नव्हतं. नंतर कळलं की मन असं उड्या मारतं आणि त्याला अडवायचं नसतं.

रडलो. बारीक नाही, चांगला हमसून. रडू एक लाट येऊन जावी तसं गेलं, मी घाबरलो होतो तितकं टिकलं नाही. त्या दिवशी ९ चा ४ झाला, चौथ्या वेळी १. शून्य कधीच आला नाही. ट्रकचा हॉर्न ऐकून अजून दचकतो, पण गाडी चालवतो.

एक सांगतो, पहिल्या दिवशी स्वतः गाडी चालवत परत येऊ नका. मी आलो आणि घराचं वळण चुकलो. दोन रात्री स्वप्नंही भलतीच पडली.

प्रतिसाद

मी मानसशास्त्रज्ञ आहे आणि या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय. तुमच्या थेरपिस्टना तुम्ही माहीत आहात, मला नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

ईएमडीआर म्हणजे आय मूव्हमेंट डीसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ मध्ये बागेत फिरताना जाणवलं की त्रासदायक विचार चालू असताना डोळे इकडून तिकडे हलले की विचाराची धार बोथट होते. तिथून सुरुवात. त्यावरचा त्यांचा पहिला अभ्यास १९८९ मध्ये आला. आज या पद्धतीचे आठ टप्पे मानतात आणि डोळे हलवणं चौथ्यात येतं. तुमची तीन सेशन 'काहीच झालं नाही' अशी गेलेली नाहीत, पहिले दोन टप्पे तेच होते. ती शांत जागा हवीच, कारण मध्ये फार झालं तर परतायला एक ठिकाण लागतं.

'डोक्याला पटतं, हातांना पटत नाही' हे तुमचं वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगा. या पद्धतीत नेमकं तेच मोजतात. एकीकडे त्रास ० ते १०. दुसरीकडे, जे वाक्य स्वतःबद्दल खरं वाटायला हवंय ('मला जमण्यासारखं सगळं मी केलं' यासारखं) ते आतून किती खरं वाटतं ते १ ते ७. सुरुवातीला लोक २ म्हणतात, 'कळतं हो, पण वाटत नाही.' त्रास खाली आला की ते वाक्य पक्कं करतात, मग डोक्यापासून पायापर्यंत शरीर तपासतात, कुठे काही अडकून राहिलंय का ते. तुमच्या बाबतीत हातांपाशी बराच वेळ जाईल असा माझा अंदाज.

हे संमोहन नाही. तुम्ही पूर्ण जाग्या असता आणि हात वर करून केव्हाही थांबवू शकता. थांबायची खूण आधी ठरवून घ्या, आणि एकदा उगाचच वापरून बघा, म्हणजे ती चालते हे अंगाला कळतं.

बोटं किती वेळा इकडून तिकडे गेली ते आम्ही मनात मोजतो, एका फेरीत साधारण चोवीसेक वेळा. हसण्यासारखं त्यात काहीच नाही. उलट हे त्यांना आधी सांगितलंच पाहिजे, कारण ०–१० आणि १–७ हेही आकडेच आहेत.

फिट्स येत असतील, डोळ्यांचा आजार असेल, गरोदरपण असेल, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील, कधी आपण शरीराबाहेर गेल्यासारखं वाटत असेल किंवा मधला वेळच हरवत असेल, तर विचारायची वाट न बघता सांगा. प्रसंग कोर्टात जाणार असेल (तुमचा नाही, पण वाचणाऱ्या कुणाचा असेल) तर साक्षीआधी वकिलांशी बोला. उपचारानंतर आठवणीतलं चित्र पुसट होऊ शकतं किंवा बदलू शकतं.

एकाच प्रसंगाचा आघात असेल तर डोळ्यांची काही मोजकी सेशन पुरतात. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात एकूण साधारण ८ ते १२ सेशन म्हटलंय. लहानपणापासून साचलेलं असेल तर हिशेब वेगळा.

प्रतिसाद

रागावू नका, पण बोटं हलवून दुःख जातं हे मला पटत नाही. त्रासदायक गोष्टीला सुरक्षित जागी बसून पुन्हा पुन्हा सामोरं जायचं हा जुनाच उपाय आहे. डोळ्यांचं वरून लावलेलं तोरण आहे.

प्रतिसाद

(वर लिहिलेली मानसशास्त्रज्ञच.) हा वाद खरा आहे, आमच्यातही आहे. २००१ मधल्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात डोळ्यांच्या हालचालीने जास्तीचा फायदा दिसला नव्हता, २०१३ मधल्या दुसऱ्यात दिसला. सध्या जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण असं की ज्या मनाच्या फळीवर आपण चित्र धरून ठेवतो ती फळी लहान असते. तिच्यावरच बोटांमागे धावण्याचं काम टाकलं की चित्राला जागा कमी पडते, ते फिकं होतं आणि फिकंच परत जागेवर ठेवलं जातं. पण हेही शेवटचं उत्तर नव्हे. उपचार म्हणून चालतो का, याबद्दल मात्र इतका वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये प्रौढांच्या पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) याची शिफारस केली आहे, आघातावर केंद्रित सीबीटीच्या (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा बोलण्याचा उपचार) बरोबरीने.

प्रतिसाद

माझा अनुभव वाईट आहे, तोही लिहिते. एका ठिकाणी पहिल्याच भेटीत, पाऊण तासात, नाव-वय विचारून थेट बोटं सुरू केली. शांत जागा नाही, खूण नाही. मी थिजले. वेळ संपली म्हणून तशीच उठवून बाहेर पाठवलं. पुढचे चार दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. वर्षभराने दुसऱ्या ताईंकडे गेले, त्यांनी पाच सेशन नुसती तयारी करून घेतली. तेव्हा तुमच्या बाई सावकाश जातायत ही चांगली खूण समजा. आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं बंद करायला, म्हणजे पुन्हा जमिनीवर यायला राखून ठेवा असं आधीच सांगा.

आणि हो, व्हिडिओ बघून घरी एकट्याने करू नका, कृपा करून.

प्रतिसाद

तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लॉगिन केलं.

माझी धाकटी बहीण गेली. सहा वर्षं तिची कुठलीही आठवण काढली की ती आयसीयूच्या दारापाशीच जाऊन थांबायची. तिचा वाढदिवस आठवला, दार. तिचं हसणं आठवलं, दार. मलाही हीच भीती होती, की दार गेलं तर तीही जाईल.

दार आहे अजून. त्याचा रंग, मुठीवर चिकटवलेली पट्टी, सगळं सांगू शकते. पण आता ते एकाच दिवसाचं दार आहे. मागच्या महिन्यात तिचं एक भांडण आठवलं, माझा ओला स्वेटर घालून गेली होती आणि मी दिवसभर कुढत होते. आठवून चिडले, मग हसले, आणि दार आलंच नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. स्वेटरवाल्या ताई, तुमचा प्रतिसाद छापून पर्समध्ये ठेवला होता.

परवा सेशन झालं. आकड्यांचं आधी सांगितलं. बाई क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, आकडे नकोतच, त्रास किती ते हाताने उंची दाखवून सांगा. सुरुवातीला मी हात कपाळापर्यंत नेला.

बोटांमागे डोळे नेताना फार पाणी यायला लागलं, आठ-दहा फेऱ्यांत डोळेच दुखले. मग म्हणाल्या टॅप्स करू. स्वतःच्या छातीवर हात आडवे ठेवून आलटून पालटून थोपटायचं असतं, फुलपाखराची मिठी म्हणतात त्याला (१९९७ च्या चक्रीवादळानंतर मेक्सिकोतल्या मुलांसाठी सुरू झाली म्हणे). मी हात छातीवर ठेवले आणि लगेच काढले. छातीवर हात नकोत. त्यांच्याही लक्षात आलं, मग गुडघ्यांवर केलं.

पहिल्यांदा तेच, कट्‌कन. त्यानंतर बराच वेळ नुसता फोनमधल्या माणसाचा आवाज. तो काय म्हणत होता ते मला दोन वर्षांत कधी आठवलं नव्हतं. 'बरोबर करताय, थांबू नका' म्हणत होता. पुन्हा पुन्हा. मग बाबांच्या शर्टचं दुसरं बटण, एका दोऱ्यावर लोंबणारं. ते मी आदल्या दिवशी शिवते म्हणाले होते आणि शिवलं नव्हतं. त्या बटणावर जे रडले ते बरगडीवरही रडले नव्हते.

शेवटी हात छातीच्या उंचीवर होता. पूर्ण झालं नाही, उरलेलं पुढच्या वेळेपर्यंत एका पेटीत ठेवल्याची कल्पना करायला लावली. माझी पेटी बाबांच्या हत्यारांची निघाली, गंजलेली, कडी नीट न लागणारी. नवरा न्यायला आला होता. पहिल्या रात्री पाचपर्यंत झोपले, दुसऱ्या रात्री अजिबात नाही. लपाछपीची परीक्षा अजून दिलेली नाही.

पुढचं सेशन गुरुवारी. एकच विचारायचंय, डोकं जड आहे ते दोन दिवस झाले तरी तसंच आहे. असं कुणाचं झालं होतं?

प्रतिसाद

माझं दीड दिवस होतं. गुरुवारपर्यंत थांबू नका, आजच फोन करून सांगा त्यांना. आणि बटणाचंही आठवणीने सांगा, कदाचित तिथूनच पुढे नेतील.