चर्चा: एसएसडी (कॉम्प्युटरमधली डेटा साठवायची ड्राइव्ह) कोरी करून परत देणं, याला ‘रिपेअर’ म्हणायचं का?

टॉवेल_डिझायनर: अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी जॅकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची डिझाइनं करतो. एप्रिलमध्ये भर दुपारी तीनदा लाईट गेली-आली आणि पीसी विंडोजऐवजी थेट बायोसमध्ये, म्हणजे सेटिंगच्या स्क्रीनवर उघडला. एसएसडीच्या नावाच्या जागी ‘सॅटाफर्म’ असं काहीतरी. दुकानाचं नाव घेत नाही. ते म्हणाले, “रिपेअर होईल, पाचशे रुपये.” संध्याकाळी ड्राइव्ह मिळाली, चालतेही झकास. पण कोरी! चार वर्षांची डिझाइनं गेली. हात लावण्याआधी एकदा तरी विचारायला हवं होतं, ड्राइव्ह हवी की डेटा?

नवीपेठ_बेंच: दादा, वाईट वाटलं. पण कारागिराची बाजूही ऐका. तसलं नाव दिसतं तेव्हा कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हची मुख्य चिप, जिवंत असतो; त्याला फ्लॅशमधलं (डेटा साठवणाऱ्या चिपांमधलं) स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारा प्रोग्रॅम, वाचता येत नसतं. मग बोर्डावरच्या दोन पिना चिमट्याने शॉर्ट करून (एकमेकींना जोडून) त्याला रॉम मोडमध्ये, म्हणजे फ्लॅश न वाचता सुरू होण्याच्या अवस्थेत न्यायचं आणि फर्मवेअर नव्याने भरायचं. त्यात कुठला डेटा कुठे आहे याचा तक्ताच नवा बनतो. डेटा वाचवायचा तर पीसी-3000सारखं डेटा काढायचं खास यंत्र लागतं, खर्च हजारांत. पाचशेत ते कुणालाच परवडत नाही. बहुतेक गिऱ्हाईक तर “विंडोज टाकून द्या” एवढंच सांगून जातात.

कन्ना_चौक: रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून बघा की.

नवीपेठ_बेंच: आता उपयोग नाही. ड्राइव्ह कोरी झाल्यावर सॉफ्टवेअरला वाचायला काही उरत नाही.

जुळे_सोलापूर: मला दोघांचंही पटत नाही. असली ड्राइव्ह परत वापरायचीच कशाला? फ्लॅशचे ब्लॉक झिजले म्हणूनही फर्मवेअर बिघडतं. नवीन भरलं तरी झिजलेले ब्लॉक तिथेच राहतात. आमच्या ऑफिसात अशी ‘रिपेअर’ केलेली दोन महिन्यांत पुन्हा बसली, तीही जीएसटी भरायच्या दिवशी.

नवीपेठ_बेंच: सरसकट तसं नाही, साहेब. मागच्या आठवड्यात एक एम.2 (छोट्या पट्टीसारखी एसएसडी) आली, पूर्ण मेलेली. मल्टिमीटर लावला तर 3.3 व्होल्टची लाइन ग्राउंडला शॉर्ट. ज्वारीच्या दाण्याहून बारीक एक कपॅसिटर शॉर्ट झाला होता. गरम हवेने उचलला आणि ड्राइव्ह डेटासकट उठली. ती फेकून द्यायला सांगणार होता का तुम्ही?

जुळे_सोलापूर: ती नाही. पण डेटा काढून घेतल्यावर तिच्यावर पुन्हा काम ठेवायला मी तयार नाही.

टॉवेल_डिझायनर: म्हणजे दोष दोन जातीचे. एकात डेटा शाबूत राहतो, दुसऱ्यात दुरुस्तीच डेटा पुसते. हे काउंटरवर दोन वाक्यांत सांगता येतं की. मी पैसे जमवले असते, महिनाभर थांबलो असतो. वडिलांची जॅकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं माळ्यावर दोरीत बांधून ठेवलीत, धूळ झटकली की आजही वेलबुट्टी मोजता येते.

नवीपेठ_बेंच: कबूल. जॉबकार्डावर ‘डेटा हवा / नको’ असा रकाना घालतो, खाली गिऱ्हाईकाची सही. मात्र ‘हवा’वर खूण केली तर ड्राइव्ह मी उघडणारसुद्धा नाही, पुण्याला पाठवा म्हणेन. तेव्हा “साधं काम करत नाही” म्हणून बोल लावू नका.

जुळे_सोलापूर: त्या रकान्यात ‘पुन्हा वापरू नये’ हेही छापा.

नवीपेठ_बेंच: ते नाही छापणार.