भट्टी नसलेल्या आयरिश घरांत पाव कसा भाजत असत?

प्रश्न
आम्ही सध्या आयर्लंडच्या गॉलवे परगण्यात राहतो. शेजारच्या आजींच्या घरी बिडाचे एक जड भांडे पाहिले. त्याचे बूड सपाट, पाय तीन आणि बुटके, आणि झाकणाची कड थोडी वर उचललेली होती. घरचा पाव पूर्वी त्यातच होत असे, असे त्या म्हणाल्या. भट्टी आणि यीस्ट दोन्ही नसताना पाव आतपर्यंत कसा भाजला जात असे, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १
त्या भांड्याला बॅस्टिबल म्हणतात. दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीसारख्या इंधनाच्या) विस्तवावर ते लोखंडी दांड्याला टांगत किंवा निखाऱ्यांवर ठेवत, आणि झाकणावरही निखारे पसरत. कड उचललेली असते ती हे निखारे घसरू नयेत म्हणून. कोकणात धोंडस (काकडीचा गोड केक) करताना आपण खाली-वर विस्तव ठेवतो, तीच ही रीत.

प्रतिसाद २
यीस्टचे काम खाण्याचा सोडा आणि ताक मिळून करीत. ताकातल्या आम्लाशी सोड्याचा संयोग होऊन वायू सुटतो आणि पीठ फुगते. तिकडच्या दमट हवेत पिकणारा गहू मऊ असून त्यात ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन) कमी असते, त्यामुळे यीस्टपेक्षा त्याला सोडाच अधिक मानवला. मात्र हे ताक आपल्यासारखे दही घुसळून नव्हे, तर आंबवलेली साय उभ्या लाकडी घुसळणीत घुसळून लोणी काढल्यावर उरलेले असे. पीठ फार मळायचे नाही, हाताने जेमतेम गोळा करून वर सुरीने खोल फुली मारायची, म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही.

प्रतिसाद ३
सोडा मात्र १९व्या शतकातच घरोघरी पोहोचला, आणि गरीब मजुराच्या घरी गव्हाचा पाव रोजचा नव्हताच. तिथे बटाटे हेच जेवण होते. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खात असे. उकडलेले बटाटे विलो झाडाच्या फोकांच्या पसरट टोपलीत ओतून निथळत, तीच टोपली भांड्याच्या तोंडावर ठेवत आणि सगळे घर भोवती बसून मीठ किंवा ताकाबरोबर ते खात असे. १८४५ साली करपा पडला, तेव्हा अशा घरांत दुसरे काहीच शिजवण्यासारखे उरले नाही, आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे दगावली. त्या टोपलीकडे पाहताना हे आठवल्यावाचून राहत नाही.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. आजींना फुलीबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी बोटाने ओट्यावर ती काढून दाखवली. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी त्यांवरच विस्तव फुलवत, असेही त्यांनी सांगितले.